डीग : जिथे राजा उन्हाळ्यात पाऊस पाडायचा!

मित्रांनो, पाऊस कधी येतो, सांगा पाहू? शाळा सुटायच्या वेळी, क्रिकेटचा सामना रंगात आला की, नाहीतर दप्तरात छत्री नसेल त्या दिवशी हमखास! आणि ज्या दिवशी त्याने यावं असं आपल्याला मनापासून वाटतं, त्या दिवशी स्वारी गायब. पावसावर कुणाची सत्ता चालत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

पण अडीचशे वर्षांपूर्वी एका राजघराण्याने म्हटलं, "पाऊस येत नाही ना? मग आपणच पाडू!" आणि त्यांनी खरोखर एक असा महाल बांधला, जिथे भर उन्हाळ्यात छपरावरून पागोळ्या गळायच्या, चारी बाजूंनी तुषार उडायचे आणि ढगांचा गडगडाटसुद्धा व्हायचा. वीज नाही, पंप नाही, मोटार नाही. होते ते फक्त बैल, विहिरी, दगड आणि डोकं!

हा महाल आहे राजस्थानात, डीग या गावी. चला, आज आपण तिथे फेरफटका मारून येऊ. आणि हो, हे ठिकाण लांबचं असलं तरी आपलं त्याच्याशी एक जुनं नातं आहे. ते काय, हे मध्यावर कळेलच. तोवर धीर धरा!

डीग आहे तरी कुठे?

नकाशा उघडा. दिल्ली, आग्रा आणि जयपूर ही तीन शहरं शोधा. त्यांच्या मध्ये, आग्र्याच्या पश्चिमेला भरतपूर दिसेल. भरतपूरहून उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर डीग आहे. पूर्वी ते भरतपूर जिल्ह्यात होतं. २०२३ साली डीग हा स्वतंत्र जिल्हा झाला.

हा सगळा भाग ब्रजभूमीचा. म्हणजे श्रीकृष्णाच्या बाललीलांचा मुलूख. मथुरा आणि गोवर्धन इथून अगदी जवळ. त्यामुळे डीगच्या महालांची नावं ऐकलीत तर तुम्हाला गंमत वाटेल. गोपाल भवन, केशव भवन, किशन भवन, नंद भवन! जणू कृष्णाच्या नावांची हजेरीच चालली आहे.

अठराव्या शतकात इथे जाट राजांचं राज्य होतं. राजा बदनसिंह याने डीगला आपली राजधानी केली. त्याच्यानंतर आला महाराजा सूरजमल. हा मोठा हुशार, धोरणी आणि शूर राजा. त्याने राजधानी भरतपूरला नेली, पण डीगला विसरला नाही. तिथे तलावांच्या काठी बाग आणि महाल उभे राहिले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात राजघराण्याने इथे येऊन राहायचं, विश्रांती घ्यायची, गाणी ऐकायची, झुल्यावर बसायचं. आपण उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातो ना, तसंच! फरक एवढाच की त्यांच्याकडे डोंगर नव्हता. म्हणून त्यांनी पाण्याचा गारवा वापरला.

चला, आत जाऊ

महालाच्या मुख्य दरवाजाचं नाव आहे सिंह पोळ. पोळ म्हणजे दरवाजा, वेस. नावाप्रमाणेच इथे दगडात कोरलेले सिंह आहेत. आत पाऊल टाकलं की बाहेरच्या बाजारातला गलका मागे राहतो आणि समोर पसरते एक आखीवरेखीव बाग.

या बागेला म्हणतात चारबाग. तुमच्या वहीच्या पानावर एक चौकोन काढा. त्यात अधिकची खूण काढून त्याचे चार भाग करा. झाली चारबाग! मधल्या रेषा म्हणजे फरसबंदी वाटा, आणि त्या वाटांच्या मधून जातात पाण्याचे पाट. पाटांमध्ये ओळीने कारंजी. चारी वाटा जिथे मिळतात तिथे आठ कोनांचा हौद. ही पद्धत मोगलांनी इराण आणि मध्य आशियाकडून आणली. ताजमहालापुढची बाग, काश्मीरमधली शालिमार बाग ही याच जातीची. पण डीगच्या राजांनी तिला पक्कं ब्रजचं केलं. कसं, ते पुढे बघूच.

बागेच्या चारी अंगांना एकेक महाल आहे. पश्चिमेला सगळ्यांत मोठं गोपाल भवन. त्याच्या पाठीमागे गोपाल सागर हा तलाव. बागेच्या दुसऱ्या टोकाला केशव भवन, आणि त्याच्या मागे रूप सागर. म्हणजे दोन तलावांच्या मध्ये बाग! उन्हाळ्यात वारा सुटला की तो पाण्यावरून येणार, गार होणार आणि मग महालात शिरणार. आहे की नाही नैसर्गिक कूलर?

इमारतींचा दगड पिवळसर, बदामी रंगाचा वालुकाश्म आहे. हा दगड कोरायला सोपा. म्हणून खांबांवर, कमानींवर वेलबुट्टी इतकी नाजूक उमटली आहे की लाकडात कोरली असावी असं वाटतं. आता जरा मान वर करून छज्जा पाहा. छज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली दगडी पडवी. डीगमध्ये एकाखाली एक असे दुहेरी छज्जे आहेत. दुपारचं ऊन भिंतीवर पडू नये आणि पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडावं, ही त्यामागची युक्ती. शोभा ती शोभा आणि सोय ती सोय!

पुढून एक, मागून एक

गोपाल भवन पुढून पाहिलं तर एक भारदस्त, शांत महाल वाटतो. पण वळसा घालून तलावाच्या बाजूला जा. अरेच्चा! इथे तर आणखी खाली मजले! ते थेट पाण्यापर्यंत उतरलेले. तलाव भरलेला असला की खालचा मजला पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो आणि अख्खा महाल तरंगतोय असं वाटतं. या खालच्या दालनांत कडक उन्हाळ्यातसुद्धा गारवा राहायचा. माठातलं पाणी गार का राहतं, हे तुम्ही विज्ञानात शिकलात ना? पाण्याची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता घेऊन जाते. इथे माठाच्या जागी पूर्ण तलाव आहे, एवढंच!

महालाच्या आत आता वस्तुसंग्रहालय आहे. राजघराण्यातलं सामानसुमान, खुर्च्या, पलंग, छताला टांगलेले मोठाले पंखे असं बरंच काही. हे पंखे विजेचे नव्हेत हं. दोरी ओढून हलवायचे. दोरी ओढणारा माणूस बाहेर उकाड्यात बसलेला असायचा. त्याची आठवण ठेवून मग ते पंखे पाहा. जेवणाची जागाही पाहण्यासारखी. घोड्याच्या नालेच्या आकाराचं बुटकं दगडी मेज. पाहुण्यांनी बाहेरच्या बाजूने जमिनीवर बसायचं आणि वाढणाऱ्याने आतल्या मोकळ्या जागेतून वाढत जायचं. आपल्याकडच्या पंगतीचाच हा राजेशाही थाट!

गोपाल भवनासमोर, बागेच्या बाजूला चौथऱ्यावर एक पांढराशुभ्र संगमरवरी हिंदोळा आहे. हिंदोळा म्हणजे झुला. दोन नक्षीदार खांब आणि वर कमान. श्रावणात कमानीला झोपाळा टांगायचा आणि राण्यांनी त्यावर बसून गाणी म्हणायची. हा हिंदोळा म्हणे दिल्लीच्या मोगली महालातून लुटून आणला. तशी कथा डीगमध्ये सगळेच सांगतात. सूरजमलने १७५३ साली दिल्ली लुटली होती, हे मात्र इतिहासात नोंदलेलं आहे. त्या काळी जिंकलेल्या शहरातून सुंदर वस्तू उचलून आणणं यात राजांना काही वावगं वाटत नसे. ज्यांच्या घरातून ती वस्तू गेली त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मात्र आपण जरूर करावा.

सावन आणि भादों

गोपाल भवनाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे महाल आहेत. एकाचं नाव सावन आणि दुसऱ्याचं भादों. म्हणजेच आपले श्रावण आणि भाद्रपद! दोघांची छपरं पाहा. उलट्या होडीसारखी, नाहीतर पालखीच्या छतासारखी वक्र. पाऊस पडला की पाणी क्षणात घरंगळून तलावात.

इथे एक गंमत सांगतो. उत्तरेकडचा सावन आणि आपला श्रावण एकाच दिवशी सुरू होत नाहीत. आपला महिना अमावास्येला संपतो, तर तिकडचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. राखी पौर्णिमेला आपला श्रावण ऐन भरात असतो, आणि त्यांचा सावन त्याच दिवशी संपतो. घरी दिनदर्शिका असेल तर आजीला विचारून पडताळून पाहा.

पण महालांना पावसाळी महिन्यांची नावं का बरं दिली असतील? आपण कोकणात किंवा घाटावर राहणारे. आपल्याला पाऊस कधीकधी नकोसा होतो. भरतपूर-डीगच्या भागात वर्षभरात जेमतेम साठ-पासष्ट सेंटिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या एक तृतीयांशाहून कमी! मे-जूनमध्ये तिथे लू वाहते. लू म्हणजे तोंड भाजून काढणारा गरम वारा. अशा ठिकाणी पहिला ढग दिसला की माणसं काय करत असतील? झुले बांधतात, गाणी म्हणतात, घेवर नावाची खास मिठाई खातात. पाऊस हाच तिथला मोठा सण. आणि ज्याच्याकडे सत्ता आणि पैसा होता, त्याने तो सण वर्षभर जपण्याची खटपट केली.

दगडांचा गडगडाट

आता आपण आलो केशव भवनात. हीच ती पावसाची शाळा! रूप सागराच्या काठावरची ही एकमजली बारादरी. बारादरी म्हणजे सगळ्या बाजूंनी उघडा, कमानींचा मंडप. आत चहूबाजूंनी पाण्याचा पाट फिरवला आहे आणि त्यात शेकडो बारीक कारंजी आहेत. मध्ये बसणारा माणूस जणू पाण्याच्या पडद्याआड बसायचा.

कमाल पुढेच आहे. या मंडपाचं छत दुहेरी आहे. छताच्या पोकळीत जड दगडी गोळे ठेवलेले होते, असं सांगतात. नळातून जोरात पाणी सोडलं की ते गोळे एकमेकांवर आपटत गडगडायचे, आणि खाली बसलेल्यांना वाटायचं, ढग गडगडताहेत! त्याच वेळी छपराच्या कडेवरून पाणी पागोळ्यांसारखं खाली पडायचं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत धो धो पाऊस!

नाटकात पडद्यामागे पत्रा हलवून विजेचा कडकडाट करतात, ते तुम्ही स्नेहसंमेलनात केलं असेल. डीगच्या कारागिरांनी अख्खी इमारतच नाटकाचा पडदा केली. आज हा गडगडाट चालू स्थितीत नाही. पण मंडपात उभं राहून छताकडे पाहिलं की तो ऐकू आल्यासारखा वाटतो.

कारंज्यांचं गुपित

डीगच्या बागेत शेकडो कारंजी आहेत. विजेचा पंप नसताना ती उडायची कशी?

उत्तर आहे उंचीवर. किशन भवनाजवळ, बागेपेक्षा बरीच उंच अशी एक प्रचंड टाकी बांधलेली आहे. आपल्या इमारतीच्या गच्चीवर टाकी असते आणि खालच्या मजल्यावरच्या नळाला जोरात पाणी येतं ना, तेच तत्त्व. पाणी जितक्या उंचावर, तितका खाली त्याचा दाब जास्त. टाकीच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत. एकेका भोकातून निघालेला नळ थेट बागेतल्या कारंज्यांकडे जातो. भोकांना लाकडी दट्ट्या मारलेल्या. हुकूम झाला की सेवकांनी ठरल्या क्रमाने दट्ट्या काढायच्या, की बागेत कारंजी थुईथुई नाचू लागत.

आणि ती रंगीतसुद्धा असायची बरं का! वेगवेगळ्या रंगांच्या पुरचुंड्या कापडात बांधून पाण्याच्या वाटेत ठेवायच्या. पाणी त्यातून जाताना रंग घेऊन बाहेर पडे. मग एका ओळीत लाल, दुसरीत पिवळं, तिसरीत निळं! आजही होळीच्या आणि पावसाळी जत्रेच्या दिवसांत ही रंगीत कारंजी सुरू करतात, तेव्हा बघणाऱ्यांची झुंबड उडते.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

या टाकीत सुमारे सहा लाख गॅलन पाणी मावतं. म्हणजे अंदाजे २७ लाख लिटर. हे पाणी वर चढवायचे बैल. विहिरीवर मोट चालायची. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवी. तुम्ही पाहिली नसेल, पण आजोबांना विचारा. बैलांनी नाडा ओढत धावेवरून उतरायचं, मोट वर यायची, पाणी पाटात पडायचं. पुन्हा बैल मागे, मोट खाली. समजा, एका मोटेत २०० लिटर पाणी मावलं, तर टाकी भरायला १३,५०० मोटा लागल्या! समजा चार मोटा एकदम चालल्या आणि एका खेपेला दोन मिनिटं लागली. रोज बारा तास काम केलं, तरी टाकी भरायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. टाकी भरायला आठवडाभर लागायचा असं सांगतात, ते काही उगाच नाही.

आणि कारंजी किती वेळ चालायची? फक्त काही तास! मग टाकी रिकामी.

आणखी एक हिशेब. मराठवाड्यात किंवा माणदेशात उन्हाळ्यात गावोगावी पाण्याचे टँकर येतात. एक टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर या टाकीतलं पाणी २७० टँकर भरेल. एका संध्याकाळच्या मौजेसाठी २७० टँकर! तेही उन्हाने भाजणाऱ्या मुलखात. राजाने हे करावं की करू नये? तुम्हाला काय वाटतं? वर्गात यावर वादविवाद घ्यायला हरकत नाही.

मात्र घाईने निकाल देऊ नका. त्याच राजाने भरतपूरजवळ अजान बांध हा मातीचा बांध घालून पुराचं पाणी अडवलं, असा इतिहास आहे. त्या पाण्यामुळे जवळचा सखल भाग दलदलीचा राहिला, तिथे झाडं वाढली, पक्षी आले. तेच आजचं जगप्रसिद्ध केवलादेव पक्षी उद्यान! १९८५ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. एकाच राजाने पाणी उडवलंही आणि अडवलंही.

करून पाहा : घरचं कारंजं

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. मोठ्या माणसाच्या मदतीने तिच्या तळाजवळ एक भोक पाडा. त्यात मीटरभर लांबीची बारीक नळी घट्ट बसवा. फटी मेणाने बुजवा. नळीच्या दुसऱ्या टोकाला रिकाम्या बॉलपेनचा निमुळता भाग लावा आणि तो वरच्या दिशेने धरा. बाटलीत पाणी भरा. आता बाटली स्टुलावर ठेवून पाहा, मग टेबलावर, मग कपाटावर. कारंजं केव्हा जास्त उंच उडतं? आणि बाटली रिकामी होत आली की उंची का कमी होते? खाण्याचा रंग पुरचुंडीत बांधून बाटलीत सोडलात तर डीगचं रंगीत कारंजं तयार! खाली बादली ठेवायला विसरू नका. पाणी कुंडीतल्या झाडाला घाला.

आपलं आणि डीगचं नातं

आता ते नातं सांगतो. ही गोष्ट आधी भांडणाची आहे आणि नंतर माणुसकीची.

भरतपूरहून डीगला जाताना वाटेत कुम्हेर नावाचं गाव लागतं. १७५४ साली मराठ्यांच्या फौजेने तिथल्या किल्ल्याला वेढा घातला होता. आत होता सूरजमल. बाहेर होते मल्हारराव होळकर आणि रघुनाथराव. वेढ्यात एके दिवशी किल्ल्यावरून तोफेचा गोळा आला आणि मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव जागीच ठार झाला. खंडेरावांची पत्नी कोण, ठाऊक आहे? अहिल्याबाई होळकर! त्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी त्यांना अडवलं. पुढे त्यांनीच होळकरांचं राज्य किती उत्तम चालवलं, हे तुम्ही पुस्तकात वाचलं आहे. खंडेरावांची छत्री, म्हणजे समाधीचं स्मारक, आजही कुम्हेरजवळच्या गांगरसोली गावात आहे.

म्हणजे सूरजमल आणि मराठे यांच्यात केवढं वैर! बापाच्या काळजाला झालेली जखम का कधी भरते? शेवटी तह झाला, पण मनं कुठे लगेच जुळतात?

यानंतर सातच वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली. मोहिमेच्या सुरुवातीला सूरजमल मराठ्यांच्या बाजूने होता. बायकामुलं, यात्रेकरू आणि अवजड सामान मागे सुरक्षित ठेवा आणि हलक्या फौजेनिशी गनिमी काव्याने लढा, असा सल्ला त्याने सदाशिवरावभाऊंना दिला होता. तो मानला गेला नाही. मतभेद झाले आणि सूरजमल निघून गेला.

पुढे काय झालं, ते आपण जाणतो. ऐन थंडीत, उपाशी, जखमी, अंगावर धड कपडे नाहीत अशा अवस्थेत हजारो मराठी माणसं दक्षिणेची वाट धरून निघाली. मागे अब्दालीचे स्वार. वाटेत लुटारू. ती सूरजमलच्या मुलखात पोहोचली.

सूरजमलला त्या क्षणी जुना हिशेब चुकता करता आला असता. निदान दरवाजे बंद करून घेता आले असते. अब्दालीसारख्या जेत्याच्या शत्रूंना आसरा देणं म्हणजे स्वतःच्या राज्यावर संकट ओढवून घेणं. पण त्याने दरवाजे उघडले. निर्वासितांना अन्न दिलं, कपडे दिले, जखमींची मलमपट्टी केली, वाटखर्चाला पैसे दिले आणि माणसं सोबत देऊन पुढे ग्वाल्हेरकडे पोहोचवलं. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई याच मुलखातून सुखरूप पुढे गेल्या.

सगळ्यांना मात्र वाचवता आलं नाही. थोरले बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा शमशेर बहाद्दर पानिपतावर गंभीर जखमी झाला होता. त्याला डीगला आणलं. तिथे उपचार झाले. पण जखमा फार मोठ्या होत्या. डीगमध्येच त्याचा अंत झाला. वय अवघं सव्वीस-सत्तावीस.

तेव्हा मित्रांनो, डीगच्या बागेत कारंजी पाहताना हे विसरू नका. ही मौजेची जागा आहे खरी. पण १७६१ च्या त्या भीषण हिवाळ्यात, याच गावाने आपल्या माणसांच्या जखमांना मलम लावलं होतं. जो आपल्याशी लढला, तोच अडचणीत धावून आला. शत्रुत्व लढाईपुरतं, दाराशी आलेला जखमी हा पाहुणा, हे सूरजमलने आचरून दाखवलं.

तोफांचा किल्ला

महालाशेजारीच डीगचा किल्ला आहे. १७३० च्या सुमारास बांधलेला, जाड तटांचा, भोवती रुंद खंदक असलेला. त्याच्या बारा बुरुजांपैकी सर्वांत मोठा लाखा बुरूज. त्यावर अजूनही जुनी तोफ आहे. वर चढलात तर अख्खं डीग, दोन्ही तलाव आणि महालांची छपरं दिसतात.

या किल्ल्यानेही आपलं एक नाव पाहिलं आहे. १३ नोव्हेंबर १८०४ रोजी डीगजवळ यशवंतराव होळकरांची फौज आणि इंग्रज यांच्यात तुंबळ लढाई झाली. त्यात किल्ल्यावरच्या तोफांनी होळकरांच्या बाजूने मारा केला. इंग्रजांचा सेनापती फ्रेझर या लढाईत जबर जखमी होऊन पुढे मरण पावला. मग डिसेंबरात इंग्रजांनी डीगला वेढा घातला आणि महिनाअखेरीस किल्ला घेतला. यशवंतराव भरतपूरला गेले. तिथे राजा रणजीतसिंहाने त्यांना आसरा दिला. १८०५ च्या सुरुवातीला इंग्रजांनी भरतपूरच्या किल्ल्यावर चार वेळा हल्ला केला. चारही वेळा त्यांना हात हलवत परतावं लागलं! म्हणून त्या किल्ल्याचं नाव लोहगड. आपल्या लोणावळ्याजवळ लोहगड, तसा त्यांचाही लोहगड!

जाण्यापूर्वी

मुंबईहून कोटामार्गे दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भरतपूरला थांबतात. तिथून डीगला बस किंवा जीप मिळते. मथुरेहूनही रस्ता आहे. भरतपूर, डीग आणि केवलादेव पक्षी उद्यान मिळून दोन-तीन दिवस छान जातात. पक्षी पाहायचे असतील तर हिवाळ्यात जा. पूर्वी तिथे सैबेरियाहून क्रौंच यायचे. २००२ नंतर मात्र ते यायचे थांबले आहेत. पण बाकी पाणपक्ष्यांची तिथे रेलचेल असते.

डीगचा महाल भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तो शुक्रवारी बंद असतो, त्यामुळे वार पाहून निघा. कारंजी पाहायची असतील तर होळीच्या किंवा पावसाळी जत्रेच्या तारखा आधी विचारून घ्या. एरवी कारंजी बंद असतात. तरी हिरमुसू नका. कोरड्या पाटांतून नळांची तोंडं आणि टाकीपासूनची त्यांची वाट शोधत हिंडणं, ही तर गुप्तहेरगिरीच!

पालकांनाही एक सांगणं. मुलांना नुसतं "हे बघ, ते बघ" म्हणून घाईघाईने पुढे नेऊ नका. एखाद्या छज्ज्याच्या सावलीत निवांत बसू द्या. "हे पाणी इथवर कसं आलं असेल?" असा एकच प्रश्न विचारा. बाकीचं काम त्यांचं डोकं करील.

आणि मुलांनो, हिंदोळ्याच्या खांबावर नावं कोरू नका. अडीचशे वर्षं ऊन, पाऊस आणि तोफा सोसून तो दगड उभा आहे. त्याला तुमच्या खिळ्याची भीती वाटायला नको!

सांगा पाहू!

१. डीगच्या महालांपैकी किती नावं कृष्णाशी जोडलेली आहेत? पुन्हा वाचा आणि मोजा.

२. टाकी बागेपेक्षा खाली बांधली असती तर काय झालं असतं?

३. सूरजमलच्या जागी तुम्ही असता, तर पानिपतहून आलेल्या माणसांसाठी दार उघडलं असतं का? उत्तर देण्यापूर्वी कुम्हेरचा वेढाही आठवा, आणि अब्दालीचे स्वारही आठवा. मग आई-बाबांचं मत विचारा. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर रात्रीच्या जेवणाला गप्पांचा विषय मिळालाच म्हणून समजा!